स्वनातीत विमान-सदृशक : इंधन व संतुलन

ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या प्रवासी विमानातील इंधन एका टाकीतून दुसऱ्या टाकीत हलवून विमानाचा समतोल राखणे, या क्रियेस इंधन-संतुलन म्हणतात. ही क्रिया प्रत्यक्ष उड्डाण न करता जमिनीवर शिकता यावी, यासाठी विमानाच्या चालककक्षाची हुबेहूब प्रतिकृती व तिला जोडलेला संगणक यांचा उपयोग करतात. अशा साधनाला उड्डाण-सदृशक असे म्हणतात. व्यवहारात ते फ्लाइट सिम्युलेटर या नावाने परिचित आहे. प्रस्तुत नोंदीत ब्रिटन व फ्रान्स यांनी संयुक्तपणे बनविलेल्या काँकॉर्ड या विमानाच्या आधारे या विषयाचे विवेचन केले आहे.

सामान्य झोत विमानात इंधन हे मुख्यतः जाळण्याचे द्रव्य असते. त्याच्या वजनाचा समतोलावर होणारा परिणाम शेपटीवरील आडव्या पृष्ठाच्या साहाय्याने सहज सावरता येतो. स्वनातीत प्रवासी विमानात मात्र इंधनाला तीन कामे एकाच वेळी करावी लागतात. ते एंजिनांना ऊर्जा पुरविते, विमानातील विविध यंत्रणांची उष्णता शोषून घेते आणि हलत्या वजनाप्रमाणे विमानाचा समतोल साधते. त्यामुळे अशा विमानात इंधनाचे दोन हिशोब ठेवावे लागतात : इंधन किती उरले आहे हा एक आणि ते कोठे आहे हा दुसरा. पहिला हिशोब चुकला, तर विमान मुक्कामी पोहोचत नाही. दुसरा चुकला, तर ते चालकाच्या ताब्यात राहत नाही. हे दोन्ही हिशोब एकमेकांत गुंतलेले असतात व ते एकत्र सांभाळण्याची सवय लावणे हा सदृशकावरील शिक्षणाचा गाभा होय.

तत्त्व : विमानाच्या सर्व भागांचे वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. पंखांवर निर्माण होणारी, विमानाला वर उचलणारी एकूण प्रेरणा ज्या बिंदूतून कार्य करते, त्याला दाबमध्य म्हणतात. विमान स्थिर पातळीत उडत राहण्यासाठी हे दोन बिंदू एकमेकांच्या जवळ असावे लागतात. राहिलेले अल्प अंतर हलत्या पृष्ठांच्या साहाय्याने सावरले जाते.

बैलगाडीत माल भरताना हेच तत्त्व पाळले जाते. हिंगोली-वसमत भागात हळदीची पोती गाडीवर रचताना ती आसाच्या मागेपुढे बेताने वाटून ठेवतात. भार पुढे अधिक झाला, तर जू बैलांच्या मानेवर दाबते. मागे अधिक झाला, तर गाडी उलाळ होते, म्हणजे तिचा पुढचा भाग वर उचलला जातो. गाडीचा आस एका जागी पक्का असल्याने पोती एकदा नीट रचली की काम भागते. स्वनातीत विमानाची अडचण अशी की, त्याचा आस जणू चालता चालता मागे सरकतो. त्यामुळे पोतीही वाटेतच मागे सरकवावी लागतात आणि मुक्काम जवळ येताच पुन्हा पुढे आणावी लागतात.

आस सरकण्याचे कारण हवेच्या वर्तनात आहे. विमानाचा वेग व त्या ठिकाणचा ध्वनीचा वेग यांच्या गुणोत्तराला माख अंक म्हणतात. माख १ पेक्षा पुष्कळ कमी वेगाला पंखावरील उत्थापक प्रेरणेचा मोठा वाटा पंखाच्या पुढील भागात निर्माण होतो. वेग ध्वनीच्या वेगाजवळ येऊन तो ओलांडू लागला की, पंखावर आघात-तरंग निर्माण होतात, दाबाची वाटणी बदलते आणि दाबमध्य मागे सरकतो. काँकॉर्डच्या बाबतीत हे सरकणे सुमारे २ मी. होते. गुरुत्वमध्य मूळ जागीच राहिला, तर विमानाचे नाक खाली झुकू लागते.

काँकॉर्डला शेपटीवर आडवे पृष्ठ नव्हते. त्याच्या त्रिकोणी पंखांच्या मागील कडेला बसविलेली एलेव्हॉन नावाची सहा हलती पृष्ठे चढउतार व कलणे या दोन्हींचे नियंत्रण करीत. झुकणारे नाक सावरण्यासाठी ही पृष्ठे सतत वर वळवून ठेवता आली असती. परंतु तसे केल्याने हवेचा विरोध वाढतो, उत्थापक प्रेरणा कमी होते आणि इंधनाचा खर्च इतका वाढतो की, महासागर ओलांडण्याइतका पल्ला उरत नाही. शिवाय पृष्ठांची बरीचशी हालचाल समतोलासाठीच खर्ची पडून नियंत्रणासाठी थोडी शिल्लक राहते. म्हणून पृष्ठे वळविण्याऐवजी वजनच मागे नेण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. प्रवाशांना वा सामानाला हलविणे शक्य नसल्याने हे काम इंधनाकडे आले. रशियन बनावटीच्या टूपॉल्येव्ह टीयू-१४४ या स्वनातीत विमानातही हाच उपाय योजलेला होता.

टाक्यांची मांडणी : काँकॉर्डमध्ये एकूण १३ टाक्या असून त्यांत सुमारे ९५ टन इंधन मावत असे. उड्डाणसमयी विमानाचे कमाल वजन सुमारे १८५ टन असल्याने निम्म्याहून अधिक वजन इंधनाचेच असे. टाक्यांचे तीन गट होते. पहिल्या गटातील १ ते ४ क्रमांकांच्या संकलक टाक्या चार ऑलिंपस ५९३ एंजिनांना प्रत्येकी एक याप्रमाणे थेट इंधन पुरवीत. दुसऱ्या गटातील ५, ६, ७, ८ व ५अ, ७अ या टाक्या संकलक टाक्या भरत्या ठेवीत. तिसऱ्या गटातील ९, १० व ११ या संतुलन टाक्या होत्या. त्यांपैकी ९ व १० या पुढील बाजूस, तर ११ क्रमांकाची टाकी धडाच्या अगदी मागील टोकाला, शेपटीखाली होती. या तिन्ही टाक्या प्रत्येकी साधारणपणे १० ते १२ टन इंधन धरीत. संतुलन टाक्यांतील इंधन वायाचे ओझे नसे. प्रवासाच्या उत्तरार्धात तेही एंजिनांकडे नेऊन जाळले जाई.

या सर्व टाक्यांचे पंप, झडपा आणि मापक यांचा फलक चालककक्षात उजव्या बाजूस उड्डाण अभियंत्यासमोर असे. दोन चालक व एक उड्डाण अभियंता अशा तिघांच्या चमूत इंधनाची जबाबदारी प्रामुख्याने अभियंत्याकडे असे. गुरुत्वमध्याचे स्थान पंखाच्या २७.६६ मी. लांबीच्या संदर्भ जीवेच्या टक्केवारीत दाखवीत. गुरुत्वमध्य-दर्शकाच्या तबकडीवर त्या क्षणीच्या वेगाला चालणारी पुढची व मागची मर्यादा दाखविणारे दोन हलते खुणदर्शक असत. उलटपक्षी, चालकांसमोरील माख अंकाच्या दर्शकावर त्या क्षणीच्या गुरुत्वमध्याला चालणारा किमान व कमाल वेग दिसे. वेग आणि गुरुत्वमध्य हे एकमेकांना बांधलेले आहेत, ही गोष्ट अशा रीतीने दोन्ही बाजूंनी चमूच्या डोळ्यांसमोर राही.

उड्डाणाचे टप्पे : उड्डाण घेताना गुरुत्वमध्य सुमारे ५३.५ टक्क्यांवर ठेवीत. जमिनीवरून भूभाग ओलांडताना विमान ध्वनीपेक्षा किंचित कमी, म्हणजे माख ०.९५ च्या आसपास वेगाने जाई. तेव्हा तो सुमारे ५५ टक्क्यांवर आणीत. समुद्र गाठल्यावर पश्चज्वलन सुरू करीत. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त झोतात आणखी इंधन फवारून जोर वाढविण्याच्या या क्रियेने विमान ध्वनीचा वेग ओलांडी आणि माख १.७ ला पश्चज्वलन बंद होई. या वेगवाढीच्या काळात पुढील संतुलन टाक्यांतील इंधन मागे नेले जाई. त्यातील मोठा भाग ११ क्रमांकाच्या टाकीत व उरलेला मुख्य टाक्यांत जाई. एकूण सुमारे २० टन इंधन असे स्थलांतरित होऊन माख २ च्या प्रवास-वेगाला गुरुत्वमध्य ५९ टक्क्यांवर पोहोचे. ५३.५ पासून ५९ टक्क्यांपर्यंतचे हे अंतर सुमारे दीड मीटर भरते.

प्रवास-वेग माख २.०२, म्हणजे ताशी सुमारे २,१५० किमी. असे आणि उंची १५ ते १८ किमी. असे. या वेगाला विमानाच्या नाकाचे तापमान सुमारे १२७° से. पर्यंत चढे. एंजिनाचे वंगण-तेल, द्रवचालित यंत्रणेतील तेल व प्रवासी कक्षातील हवा थंड करण्यासाठी इंधनाचाच उपयोग करीत. प्रवासाच्या अखेरीस टाक्यांतील साठा कमी झाला की, तीच उष्णता थोड्या इंधनात सामावावी लागे आणि त्याचे तापमान अधिक चढे. यामुळे इंधनाच्या मापकाबरोबर त्याच्या तापमानाकडेही लक्ष ठेवावे लागे.

उतरण्याच्या तयारीत क्रम उलटा होई. वेग कमी होताना दाबमध्य पुन्हा पुढे येतो. त्याच्या बरोबरीने इंधनही ११ क्रमांकाच्या टाकीतून पुढे आणावे लागे. जमिनीवर उतरताना गुरुत्वमध्य पुन्हा ५३ टक्क्यांच्या आसपास असे. धावपट्टीवर उतरल्यावरही अभियंत्याचे काम संपत नसे. बहुतेक टाक्या रिकाम्या असताना प्रवासी व सामान पुढच्या भागातून आधी बाहेर पडले, तर विमान शेपटीवर कलंडण्याचा धोका असे. म्हणून थांब्यावर पोहोचण्यापूर्वी काही टन इंधन ९ क्रमांकाच्या पुढील टाकीत नेऊन ठेवीत.

परिबलाचे गणित : इंधन हलविल्याने गुरुत्वमध्य किती सरकेल, हे साध्या सूत्राने काढता येते. हलविलेल्या इंधनाचे वस्तुमान व ते जितके अंतर हलले ते अंतर यांच्या गुणाकाराला विमानाच्या एकूण वस्तुमानाने भागले की, गुरुत्वमध्याचे स्थानांतर मिळते. उदाहरणादाखल, १६० टन वस्तुमानाच्या विमानात १० टन इंधन २४ मी. मागे नेले असे मानू. तर १० × २४ ÷ १६० = १.५ मी. इतका गुरुत्वमध्य मागे सरकेल.

याच सूत्रातून विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटणारी एक गोष्ट स्पष्ट होते. प्रवासात इंधन जळून विमानाचे वस्तुमान ११० टनांवर आले आणि शेपटीकडील १० टन तसेच राहिले, तर त्यांच्यामुळे होणारे स्थानांतर १० × २४ ÷ ११० = २.२ मी. होते. म्हणजे इंधनाला हात न लावताही त्याचा परिणाम वाढत जातो. मधल्या टाक्यांतून जळणाऱ्या इंधनाचा परिणाम यात मिळवावा लागतो हे खरे. तथापि विमान हलके होत जाते तसे शेपटीकडील प्रत्येक टन अधिक भारी पडू लागतो, हे सर्वसाधारण तत्त्व कायम राहते. यास्तव माख २ ला स्थिर प्रवास चालू असतानाही ११ क्रमांकाच्या टाकीतील इंधन थोडेथोडे पुढे आणून ५९ टक्क्यांची जागा टिकवावी लागे. डावीकडील व उजवीकडील टाक्यांतील साठाही सारखा ठेवावा लागे, अन्यथा विमान एका बाजूला कलू पाहते.

साठ्याचे नियोजन : प्रवास-वेगाला चारही एंजिने मिळून तासाला सुमारे २० टन इंधन जाळीत. या खर्चाचे प्रमाण ध्यानात येण्यासाठी असे म्हणता येईल की, मुंबई ते हिंगोली हे सरळ रेषेतील सुमारे ४५० किमी. अंतर या वेगाने साडेबारा मिनिटांत कापले जाईल व तेवढ्या वेळात ४ टनांहून अधिक इंधन खर्च होईल. धावपट्टीपर्यंत चालत जाण्यातच एक टनाहून अधिक इंधन लागे आणि पश्चज्वलनाच्या काळात खर्चाचा दर प्रवास-वेगाच्या दराहून पुष्कळच अधिक असे.

स्वनातीत विमानाचे वैशिष्ट्य असे की, वेग कमी केल्याने त्याचा पल्ला वाढत नाही. त्याचे पंख, हवा घेणारी तोंडे व एंजिने माख २ साठी बेतलेली असल्याने ध्वनीपेक्षा कमी वेगाने तेच इंधन कमी अंतर पुरते. महासागराच्या मध्यावर एक एंजिन बंद पडले, तर विमानाला माख १ च्या खाली यावे लागते आणि ठरलेले विमानतळ आवाक्याबाहेर जाऊ शकते. अशा वेळी पुढे जावे, मागे फिरावे की वाटेतील पर्यायी विमानतळ गाठावा, हा निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो. त्याच मिनिटांत शेपटीकडील इंधनही पुढे आणावे लागते, कारण वेग कमी होत असतो. किती उरले व कोठे आहे हे दोन्ही हिशोब येथे एकाच क्षणी समोर येतात. मागील टाकीतील इंधन पुढे आणता आले नाही, तर कमी वेगाला विमान शेपटीकडे जड होऊन नाक वर उचलू लागते. उलाळ झालेल्या गाडीचे बैल सोडून तिला टेकण देता येते; विमानाला तशी सोय नसते. यासाठी नेहमीच्या स्वयंचलित व्यवस्थेखेरीज इंधन तातडीने पुढे नेण्याची स्वतंत्र सोय काँकॉर्डमध्ये ठेवलेली होती.

सदृशकाची रचना : उड्डाण शिकविण्याचे यशस्वी यंत्र एडविन लिंक या अमेरिकन संशोधकाने १९२९ मध्ये तयार केले. वाद्यनिर्मितीच्या व्यवसायातील हवेच्या भात्यांचा उपयोग करून त्याने विमानाच्या लहान प्रतिकृतीला हालचाल दिली. पुढे या यंत्रात विद्युत् संगणकांची व नंतर अंकीय संगणकांची भर पडली. काँकॉर्डसाठी १९७० नंतरच्या दशकात ब्रिस्टलजवळील फिल्टन येथे व फ्रान्समध्ये तूलूझ येथे सदृशक उभारण्यात आले. फिल्टन येथील सदृशकावर ब्रिटिश एअरवेजचे चमू शिकत. विमानसेवा बंद झाल्यानंतर हा सदृशक वेब्रिज येथील ब्रुकलँड्स संग्रहालयात हलविण्यात आला व दुरुस्तीनंतर २००९ पासून तो पुन्हा वापरात आला.

सदृशकात चालककक्षातील प्रत्येक कळ, तबकडी व दिवा मूळ जागी असतो. त्यांच्यामागे मात्र पंप व टाक्यांऐवजी गणिती समीकरणे असतात. संगणक दर सेकंदाला अनेक वेळा प्रत्येक टाकीतील साठा नव्याने मांडतो, चालू पंपांच्या वाहण्याच्या दरानुसार एका टाकीतून वजा व दुसरीत जमा करतो, एंजिनांचा खर्च वजा करतो आणि सर्व टाक्यांच्या परिबलांची बेरीज करून गुरुत्वमध्य काढतो. माख अंकावरून दाबमध्याचे स्थान उड्डाण-चाचण्यांतून तयार केलेल्या कोष्टकांतून घेतले जाते. या दोन बिंदूंमधील अंतरावरून विमानाचे नाक किती व कोणत्या बाजूस झुकेल, हे ठरते. पंप चालू केला की इंधन क्षणात पोहोचत नाही, याचा अनुभव विद्यार्थ्याला यामुळेच येतो.

सराव व नेहमीच्या चुका : मागे बसलेला शिक्षक स्वतंत्र फलकावरून बिघाड निर्माण करू शकतो : एखादा पंप बंद पाडणे, झडप अडकविणे, टाकीचा मापक खोटा दाखविणे, दोन एंजिने एकदम थांबविणे इत्यादी. प्रसंग मध्येच थांबवून चूक समजावून सांगता येते आणि तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून घेता येतो. प्रत्यक्ष विमानात असे प्रसंग मुद्दाम घडविणे धोक्याचे असते व इंधनाच्या दृष्टीने फार खर्चाचेही असते.

शिकणाऱ्यांच्या हातून होणाऱ्या चुका साधारणपणे पुढील प्रकारच्या असतात. (१) वेगवाढ सुरू झाल्यानंतर इंधन मागे नेण्यास उशीर करणे. यामुळे हलती पृष्ठे वर वळलेली राहून विरोध वाढतो आणि वेगवाढीलाच अधिक इंधन लागते. (२) इंधन गरजेपेक्षा आधी मागे नेणे. यामुळे गुरुत्वमध्य मागील मर्यादेबाहेर जातो व विमान अस्थिर होते. (३) एकूण साठ्याच्या मापकावर विसंबून वेगवेगळ्या टाक्यांचे मापक न पाहणे. एकूण आकडा बरोबर असूनही इंधन चुकीच्या टाकीत असू शकते. (४) उतरण्याच्या घाईत ११ क्रमांकाची टाकी विसरणे. (५) स्वयंचलित व्यवस्था चालू केल्यावर ती काम करीत आहे की नाही, हे न तपासणे. यांपैकी चौथी चूक सर्वांत गंभीर मानली पाहिजे, कारण ती लक्षात येते तेव्हा उंची व वेळ दोन्ही कमी उरलेले असतात.

घरगुती संगणकावर चालणारे सदृशकही आता मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा असा कार्यक्रम १९८२ मध्ये प्रथम बाजारात आला. अशा कार्यक्रमांसाठी काँकॉर्डच्या संगणकीय प्रतिकृती उपलब्ध असून त्यांतील काहींत इंधन फलकाचे काम बारकाईने उतरविलेले आहे. त्यांचा अभ्यासासाठी उपयोग करताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. इंधन अमर्याद ठेवण्याची सोय चालू असेल, तर विमानाचे वजन घटत नाही आणि संतुलनाचा धडाच नाहीसा होतो. तसेच प्रवास लवकर संपावा म्हणून काळाची गती अनेक पटींनी वाढविली, तर इंधनाचे स्थलांतर व एंजिनांचा खर्च यांचा मेळ बिघडू शकतो. वेगवाढ व वेगघट हे टप्पे मूळ गतीनेच केले पाहिजेत. हिंगोलीसारख्या, विमानतळ नसलेल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यालाही यामुळे परिबल, गुरुत्वमध्य व माख अंक या पाठ्यपुस्तकी कल्पना प्रत्यक्ष हाताळून पाहता येतात. वर दिलेले सूत्र घेऊन प्रत्येक स्थलांतरानंतरचे स्थान आधी कागदावर काढावे व मग दर्शकाशी ताडून पाहावे, ही रीत विशेष उपयुक्त ठरते.

मर्यादा : सदृशक हा त्यात भरलेल्या माहितीइतकाच विश्वासार्ह असतो. चाचण्यांत न अनुभवलेला प्रसंग तो खात्रीने दाखवू शकत नाही. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ एअर फ्रान्सचे काँकॉर्ड कोसळून विमानातील सर्व १०९ व जमिनीवरील ४ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीमुळे चाकाचे टायर फाटून त्याचा तुकडा पंखाखाली आदळला. जवळजवळ काठोकाठ भरलेल्या ५ क्रमांकाच्या टाकीतील इंधनातून दाबाची लाट पसरून टाकीचा तळ फुटला आणि गळणाऱ्या इंधनाने पेट घेतला. विमानाचे वजन कमाल मर्यादेहून थोडे अधिक होते; तथापि त्याचा उड्डाणावर नगण्य परिणाम झाला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. नंतर टाक्यांना केव्हलार तंतूंचे अस्तर व विमानाला अधिक मजबूत टायर बसवून नोव्हेंबर २००१ मध्ये सेवा पुन्हा सुरू झाली. इंधनाचे प्रमाण व स्थान यांबरोबरच ते ज्या टाकीत आहे तिची ताकदही महत्त्वाची असते, हे या घटनेने दाखवून दिले.

भारताशी संबंध : एअर-इंडिया या तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीने १९६० नंतरच्या दशकात दोन काँकॉर्ड विमानांसाठी जागा राखून ठेवल्या होत्या, त्यांचे रूपांतर खरेदीत झाले नाही. इंधनाच्या दृष्टीने पाहता मुंबई–लंडन हा मार्ग या विमानाला सोयीचा नव्हता. हे अंतर सुमारे ७,२०० किमी. आहे, तर पूर्ण भारासह काँकॉर्डचा पल्ला ६,५०० किमी. हून कमी होता. त्यामुळे वाटेत इंधन घेण्यासाठी थांबणे अपरिहार्य ठरले असते. शिवाय ध्वनीपेक्षा अधिक वेगामुळे जमिनीवर ऐकू येणारा गडगडाट टाळण्यासाठी लोकवस्तीवरून कमी वेगाने जावे लागते आणि तेथेच हे विमान इंधन अधिक जाळते. लंडन–बाहरीन–सिंगापूर ही सेवा १९७७ मध्ये सुरू होऊन तीन फेऱ्यांनंतर थांबली; १९७९ मध्ये ती पुन्हा सुरू झाली व १९८० मध्ये बंद पडली. भारताच्या हवाई हद्दीत स्वनातीत वेगाने जाण्यास भारत सरकारने परवानगी दिली नव्हती. १९७३ मध्ये सुरू झालेल्या खनिज तेलाच्या भाववाढीनेही अशा विमानांची मागणी घटली. एकूण २० काँकॉर्ड विमाने बांधली गेली. त्यांपैकी १४ प्रवासी सेवेत होती. २१ जानेवारी १९७६ रोजी सुरू झालेली ही सेवा २००३ मध्ये कायमची थांबली.

काँकॉर्डच्या उड्डाण अभियंत्यांनी वर्षानुवर्षे हाताने केलेले हे काम आता संग्रहालयातील व घरगुती संगणकावरील सदृशकांतच पाहावयास मिळते. आधुनिक विमानांत उड्डाण अभियंता नसतो व इंधनाचे व्यवस्थापन संगणक करतो. एअरबस ए-३३० व ए-३४० यांसारख्या ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या काही विमानांतही ओढ कमी करण्यासाठी शेपटीतील टाकीत इंधन हलविण्याची योजना आहे. संगणकाने ती जबाबदारी घेतली असली, तरी बिघाडाच्या वेळी इंधन किती आहे व कोठे आहे हे दोन्ही प्रश्न चालकालाच सोडवावे लागतात. भविष्यातील स्वनातीत प्रवासी विमानांच्या चालकांनाही त्यांची उत्तरे प्रथम सदृशकावरच शिकावी लागतील.